58 इंची दोन तुकड्यांची मेपल पूल स्टिक: लांबी, पकड आणि आपल्याकडची हवा

पूल खेळायला स्वतःची पहिली स्टिक घ्यायला निघालेला माणूस दोनच प्रश्न विचारतो: लांबी किती घेऊ आणि वजन किती घेऊ? मागचा हात स्टिकवर नेमका कुठे पडणार, हे क्वचितच कोणी विचारतं. खरं तर लांबी बरोबर आहे की नाही हे तिथेच कळतं. म्हणून हे परीक्षण हातापासून सुरू केलं आहे.

परीक्षणाला घेतलेला माल सगळीकडे मिळणारा आहे: 58 इंच म्हणजे साधारण 147 सेंमी लांब, मधोमध जोड असलेली, मेपलच्या शाफ्टची (शाफ्ट म्हणजे पुढचा निमुळता तुकडा), 13 मिमी टिपची (टिप म्हणजे बॉलला लागणारं पुढचं टोक), 19 औंस वजनाची आणि हाताच्या जागी लिननच्या दोऱ्याची गुंडाळी असलेली पूल स्टिक. संभाजीनगर, नांदेड, लातूरकडच्या खेळाच्या दुकानांत नसली तर मागवून देतात, ऑनलाइन तर ढिगाने आहेत. लेबलं वेगवेगळी असली तरी या वर्गातली मापं जवळपास सारखीच असतात, त्यामुळे खालचं बहुतेक सगळं कुठल्याही लेबलाला लागू पडेल.

आधी निकाल सांगतो. पाच फूट ते सहा फूट उंचीच्या खेळाडूने डोळे झाकून 58 इंची घ्यावी, लांबीचा फार काथ्याकूट करू नये. वजन 19 औंस. गुंडाळी लिननची किंवा चामड्याची, रबरी नको. पैसे उरले तर ते नक्षीकामावर न घालता चांगल्या टिपवर आणि स्टिक ठेवायच्या कडक केसवर घालावेत.

लांबी अशी तपासा

दुकानात स्टिक उभी धरून ती हनुवटीला लागते का ते बघायची पद्धत आहे. अगदीच टाकाऊ नाही, पण तिच्यावर निर्णय घेऊ नका. सारख्या उंचीच्या दोन माणसांचे हात सारखे लांब नसतात, आणि खेळताना आपण उभे नसतो, वाकलेले असतो. मोजायचं ते वाकूनच.

टेबलावर व्हाइट, म्हणजे पांढरा बॉल, ठेवा. पुढच्या हाताचा ब्रिज (स्टिकला आधार द्यायला बोटांनी केलेली बैठक) व्हाइटच्या मागे 20 ते 25 सेंमीवर टेकवा. नेहमीसारखे खाली वाका आणि टिप व्हाइटला लागेल-न लागेल इतकी जवळ न्या. आता मागच्या हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग जमिनीला काटकोनात, ओळंब्यासारखा सरळ खाली लोंबला पाहिजे. स्वतःला हे दिसत नाही. सोबत्याला बाजूने फोटो काढायला सांगा. कोपराच्या सरळ खाली मनगट आलं की हात स्टिकवर कुठे पडला आहे ते बघा.

हात गुंडाळीवर कुठेही पडला, तर लांबी तुमच्या मापाची आहे. गुंडाळी साधारण फूटभर लांब असते आणि बटच्या (मागच्या जाड तुकड्याच्या) टोकापासून चार-पाच इंच सोडून सुरू होते. साडेपाच फुटी माणसाचा हात बहुधा तिच्या पुढच्या अर्ध्यात येईल, सहा फुटीचा मागच्या अर्ध्यात. हात गुंडाळीच्याही मागे, अगदी टोकावरच्या रबरी बंपरला टेकत असेल, तर 59-60 इंची स्टिक किंवा मागे लावायचं एक्स्टेन्शन बघा. हात गुंडाळीच्या पुढे, उघड्या लाकडावर येत असेल, तर दोन-चार इंच आखूड चालेल. पण त्यासाठी घाई नको, कारण पुढे धरूनही उत्तम खेळता येतं. मागे उरलेला दांडा भिंतीला लागत नसेल तर त्याचा त्रास होत नाही. आठ-दहा वर्षांच्या पोरांना मात्र 58 इंची देऊ नका. जड मागचा भाग सांभाळता सांभाळता ती खांदा उचलून मारायला लागतात आणि ती सवय पुढे सुटत नाही. त्यांना 48 ते 52 इंची द्या.

हात त्या जागेवर नसला की काय बिघडतं, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण बऱ्याच जणांचा ‘ड्रॉ बसत नाही’ (व्हाइट मारल्यावर मागे येत नाही) हा रोग तिथलाच असतो. कोपर स्थिर ठेवून हात झुलतो तेव्हा तो खालच्या बिंदूवर असताना स्टिक सपाट चालते. हात फार मागे धरला तर टिप बॉलला लागते त्या क्षणी हात अजून खाली उतरतच असतो. मागचं टोक खाली, म्हणजे ब्रिजवर टेकलेल्या स्टिकचं पुढचं टोक वर. तुम्ही खाली मारायला गेलात, टिप मध्यावर लागली आणि व्हाइट मागे येण्याऐवजी जागीच थांबला. हात फार पुढे धरला तर उलटं होतं: हात वर चढायला लागलेला असतो, टिप खाली दबते, व्हाइट उडतो किंवा टिप कापडाला घासते. पूल पार्लरच्या टेबलावर स्पॉटच्या (बॉल ठेवायच्या खुणेच्या) आसपास दिसणाऱ्या त्या पांढऱ्या चंद्रकोरी बऱ्याचदा याच चुकीच्या असतात.

एफ्रेन रेयेससारखे फिलिपिनो खेळाडू बटच्या टोकाजवळ, अगदी सैल धरून खेळतात हे व्हिडिओत दिसतं, आणि मग इकडची पोरंही तसं धरायला लागतात. त्यांचा ब्रिजही तेवढाच लांब असतो, ही अर्धी गोष्ट राहून जाते. लांब ब्रिज आणि मागची पकड ही जोडी आहे. एक उचलायची तर दुसरी उचलावीच लागेल, आणि लांब ब्रिजवर टिप नेमकी बसवायला वर्षं जातात.

पकड किती घट्ट?

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्या कड्यात स्टिक टेकलेली असावी, उरलेली दोन बोटं नुसती सोबतीला. मनगट सरळ खाली, आत-बाहेर वळलेलं नाही. तळवा आणि स्टिक यांच्या मधे वरच्या बाजूने थोडी फट दिसली पाहिजे. मागे ओढताना करंगळीकडची बोटं आपोआप उघडतात, पुढे जाताना मिटतात. ती उघडत नसतील तर तुम्ही आवळून धरली आहे.

आवळण्याचा तोटा जोरात मारताना दिसतो. मूठ घट्ट झाली की हाताचे स्नायू ताठतात, शेवटच्या क्षणी मनगट वळतं आणि व्हाइटला न मागितलेला साइड (आडवी फिरकी) लागतो. लांबचा सरळ बॉल पॉकेटच्या ओठावरून परत येतो आणि खेळणारा टेबलाला दोष देतो. तपासायला रिकाम्या टेबलावर व्हाइट हेड स्पॉटवर (ब्रेक करायच्या बाजूच्या मधल्या खुणेवर) ठेवा, समोरच्या आखूड कुशनच्या बरोबर मध्यावर मारा, आणि टिप होती तिथेच धरून ठेवा. व्हाइट परत येऊन टिपलाच लागला पाहिजे. दर वेळी डावीकडे किंवा दर वेळी उजवीकडे सरकत असेल तर पकड आणि मनगट बघा, आणि टेबलाची पातळीही तपासायला सांगा. कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात असेल तर दोष टेबलाचा नाही, टिप दर वेळी मध्यावर बसत नाही.

आता गुंडाळीचा प्रश्न. लिनन घाम पिते, म्हणून एप्रिल-मेच्या उकाड्यात ती चांगली. तिचा दोष म्हणजे वापरून वापरून लव सुटते आणि हातासमोरची जागा काळी पडते. किंचित ओलसर फडक्याने पुसून, वाळल्यावर जाड कागदाने घासून दाबली की पुन्हा गुळगुळीत होते. नायलॉनचा दोरा दिसायला तसाच असतो, किमतीला कमी, पण घाम पीत नाही आणि ओल्या हातात सरकतो. स्वस्त स्टिकवर ‘लिनन’ लिहिलेलं असूनही नायलॉन निघतो. ओळखायला थेंबभर पाणी टाका: लिननमध्ये मुरतं, नायलॉनवर बराच वेळ थेंब राहतो. चामड्याची पकड सर्वांत आश्वासक आणि टिकाऊ, किंमत मात्र जास्त. गुंडाळीच नसलेल्या, पॉलिश केलेल्या बटच्या स्टिक थंड कोरड्या खोलीत छान वाटतात. घामट हाताला त्या घेऊ नयेत.

बऱ्याच पार्लरमध्ये बटवर क्रिकेट बॅटची रबरी ग्रिप चढवलेली दिसते. ती काढून टाकावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. बट हाताच्या जागी साधारण 30 मिमी जाड असतो. रबरामुळे दोन्ही बाजू मिळून तीन-चार मिमी वाढतात, बोटांचं कडं पूर्ण मिटत नाही आणि माणूस नकळत मूठ आवळतो. शिवाय रबर कातडीला चिकटतं, मारताना हातात स्टिक जी थोडी मोकळी राहायला हवी ती राहत नाही. घाम फारच येत असेल तर टेनिस रॅकेटवर वरून गुंडाळतात ती पातळ ओव्हरग्रिप एकच पदर, कडा एकमेकींवर न चढवता गुंडाळा. तिची जाडी अर्ध्या मिमीच्या आसपास असते, खराब झाली की फेकता येते. आणि पुढच्या हाताला पावडर लावू नका. ती कापडात बसते, टेबल खराब होतं. ब्रिजच्या हाताला तीन बोटांचा हातमोजा घ्या किंवा खिशात सुती रुमाल ठेवा.

वजनाबद्दल थोडक्यात. 19 औंस म्हणजे 539 ग्रॅम. 21 औंसची जड स्टिक घेतली की ब्रेक (रचलेले बॉल फोडायचा पहिला शॉट) जोरात बसेल अशी समजूत आहे. जोर येतो तो वेगातून, आणि जड स्टिकचा वेग कमी पडतो, हळुवार शॉटवर ताबाही जातो. बंपर काढला की आत वजनाचा बोल्ट असतो, तो ॲलन कीने निघतो. बोल्ट बदलताना तोल बदलतो हे लक्षात ठेवा. 58 इंची स्टिकचा तोल साधारण बटच्या टोकापासून 18-19 इंचांवर असतो. मागे जड बोल्ट घातला की तो मागे सरकतो आणि पुढचं टोक हातात हलकं, भरकटणारं वाटायला लागतं.

पूलच्या टेबलावर स्नूकरची स्टिक

पार्लरच्या स्टँडमध्ये बऱ्याच ठिकाणी स्नूकरच्या घडणीच्या स्टिक पूलच्या टेबलाला लावलेल्या असतात: ॲश लाकडाचा शाफ्ट, पितळी फेरूल (टिपच्या खालची नळी), 9-10 मिमी टिप, बट एका बाजूने चपटा. स्नूकरचा बॉल 52.5 मिमीचा, पूलचा 57.15 मिमीचा आणि वजनानेही जास्त. बारीक टिपने पूलचा रॅक (सुरुवातीला रचलेले बॉल) फोडत राहिलं की टिप पसरते, कडेने कुत्र्याच्या छत्रीसारखी बाहेर येते आणि मग मिसक्यू (टिप बॉलवरून घसरणं) सुरू होतात. स्नूकर स्टिकचा शाफ्ट टिपपासूनच एकसारखा जाड होत जातो, पूलच्या बऱ्याच स्टिकमध्ये पुढचे दहा-बारा इंच जवळपास सारख्याच जाडीचे असतात. तर्जनीचं कडं करून बंद ब्रिज धरणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो: स्नूकरची स्टिक पुढे जाताना कड्यात घट्ट होते. दोन्ही खेळ खेळणाऱ्याने दोन स्टिक ठेवाव्यात, किंवा निदान पूलचा ब्रेक पार्लरच्या स्टिकने करावा.

नियमाच्या बाजूने पूलमध्ये स्टिक किमान 40 इंच असावी, टिप 14 मिमीपेक्षा मोठी नसावी आणि वजन 25 औंसांच्या वर जाऊ नये. कमाल लांबीचं बंधन नाही. म्हणजे 48 इंची आखूड स्टिकसुद्धा पूर्ण कायदेशीर आहे.

आणि ती आखूड स्टिक आपल्याकडे लागतेच, कारण पार्लर असतात व्यापारी संकुलाच्या गाळ्यांत. आठ फुटी टेबलाचा खेळायचा भाग 88 बाय 44 इंच. व्हाइट कुशनला चिकटला असेल तर स्टिकची पूर्ण लांबी टेबलाबाहेर येते, म्हणून 58 इंचीला किमान 17 फूट बाय 13 फूट 4 इंच खोली हवी, आणि ही मागे ओढायला जागा न धरता. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच धरले तर 18 फूट बाय 14 फूट 4 इंच. बारा फूट रुंद गाळ्यात कुशन ते भिंत फक्त 50 इंच उरतात. तिथे 58 इंची स्टिकने माणूस बट वर उचलून, वरून खाली मारतो. व्हाइट उडतो, वळतो, कापड फाटतं. 48 इंचीला तिथे ओढायला फक्त दोन इंच मिळतात, म्हणजे हलका शॉट निघतो, जोराचा नाही. मधे एक खांब असेल तर 42 इंचीच ठेवा. पण आखूड स्टिक ही त्या एका भिंतीपुरती. ती पार्लरवाल्याने ठेवायची. तुमची स्वतःची स्टिक खोलीच्या मापाने नका घेऊ, अंगाच्या मापाने घ्या.

ऊन, कूलर आणि वाकलेला शाफ्ट

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. जूननंतर तीच हवा दमट. लाकूड दर वर्षी या दोन टोकांतून जातं. त्यातून पार्लरमध्ये डेझर्ट कूलर. कूलर ओली हवा फेकतो, आणि स्टिकचा स्टँड बऱ्याचदा त्याच्याच झोतात ठेवलेला असतो. शाफ्टची एक बाजू ओल पिते, दुसरी कोरडी राहते, वरून स्टिक भिंतीला तिरपी टेकवलेली. एवढ्यावर शाफ्ट वाकायला पुरेसं आहे. कूलरच्या समोर ठेवलेला खडूही ओलसर होऊन टिपवर बसत नाही, चकाकी सोडून जातो. स्टँड कूलरच्या विरुद्ध भिंतीला हलवला तर पार्लरवाल्याचे पैसे वाचतील.

स्वतःच्या स्टिकसाठी नियम साधा: उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत कधीही नाही. तिथे टिपचा डिंक सुटतो, फेरूल सैल होतं, गुंडाळीची टोकं उघडतात. खेळ झाला की जोड उघडा, शाफ्ट कोरड्या फडक्याने पुसा, केसमध्ये घाला आणि केस आडवी किंवा ताठ उभी ठेवा, तिरपी टेकवून नको. दोन तुकड्यांची स्टिक उघडल्यावर प्रत्येक तुकडा साधारण 29 इंचांचा होतो, एसटीच्या वरच्या फळीवर सहज बसतो. तीन-चतुर्थांश जोडाच्या (जोड मधोमध नसून मागच्या टोकाकडे असलेल्या) स्नूकर स्टिकचा लांब तुकडा तिथे अडचणीचा होतो, आणि अडचणीचं सामान माणूस कुठेही कोंबतो.

शाफ्ट मळला की पॉलिश पेपर मारायची सवय मात्र सोडा. दर घासणीला लाकूड कमी होतं आणि 13 मिमीचा शाफ्ट 12 वर येतो. फेरूलपाशी पायरी पडते, ती बोटाला टोचते. मळ काढायला पिळून घट्ट केलेलं ओलसर फडकं, लगेच कोरडं फडकं, एवढंच. कार्बन फायबरच्या शाफ्टला हा त्रास नाही, तो उन्हाने वाकतही नाही, आणि आपल्या हवेत तो खरोखर कामाचा आहे. पण नवशिक्याने त्यात एवढे पैसे अडकवावेत असं वाटत नाही. आधी हात बसू द्या.

पार्सल आलं की बघायच्या गोष्टी

आधी शाफ्ट एकटा टेबलावर लोळवा. शाफ्ट निमुळता असल्याने त्याच्याखाली फट दिसणारच. ती फिरताना कमी-जास्त होते का, एवढंच बघायचं. मग बट एकटा लोळवा. मग जोडून. दोन्ही तुकडे सरळ आणि जोडल्यावर टिप नाचते, असं असेल तर जोडाचा पिन तिरपा बसवलेला आहे. तो दुरुस्त होत नाही, परत करा. जोडल्यावर दोन कॉलरच्या (जोडापाशी असलेल्या कड्यांच्या) मधे नख जाईल इतकी फट राहिली, तरी परत करा. पिनवरचं माप लिहून ठेवा: 5/16 बाय 18, 5/16 बाय 14 आणि 3/8 बाय 10 हे नेहमीचे. पुढे दुसरा शाफ्ट घ्यायचा झाला तर तो त्याच मापाचा लागेल.

बटवर टिचकी मारून ऐका. आत खुळखुळ आली तर वजनाचा बोल्ट सैल आहे. बंपर काढून घट्ट करा, ही तक्रार करण्यासारखी गोष्ट नाही. टिप मात्र नीट तपासा. स्क्रूची टिप असेल तर ती स्टिक सोडून द्या, स्क्रू काही आठवड्यांत सैल होतो आणि प्रत्येक शॉटला टक्क असा पोकळ आवाज येतो. चिकटवलेली चामड्याची टिप हवी. नवी टिप बऱ्याचदा सपाट येते, ती तशीच वापरली की मध्यापासून थोडं बाजूला मारलं तरी मिसक्यू होतो. शेपरने किंवा 120 नंबरच्या पॉलिश पेपरने हळूहळू घुमट द्या, फेरूलला पेपर लागू न देता. एक रुपयाचं नाणं उभं धरून त्याची कड घुमटाशेजारी लावा. दोन्ही गोलाई जुळल्या की थांबा. मग खडू टिपवर घुसळू नका, कडेने हलक्या हाताने फिरवा आणि दर शॉटआधी लावा.